कानातली गरी

डिलाईल रोडवर धोंडूतात्या कुबलांना हट्टी म्हणणारे पुष्कळ होते. तोंडावर म्हणणारी मात्र एकटी मालन, आणि ती त्यांची स्वतःचीच मुलगी. तात्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, मालन शेजारच्या गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. आई मालनच्या लहानपणीच गेली. तेव्हा कोकणातल्या गावाहून, निवतीहून आत्या आली होती आणि म्हणाली होती, पोर गावी ने माझ्याकडे, मुंबईत बाप्याच्या हाताखाली ती काय वाढणार? तात्या म्हणाले, कशी वाढते ती बघायला ये. आणि खरंच त्यांनी ती अशी वाढवली की आत्यानं तोंडात बोट घालावं. पोर स्वयंपाक करायची, नळावर कुणाला हार जायची नाही, आणि सुट्टीच्या दिवशी वरळीच्या खडकावर बापाशेजारी उभी राहून डोक्यावर दोरी गरगरा फिरवून गरी अशी फेकायची की जन्माचे कोळीसुद्धा मान वळवून बघत. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. निवतीला त्याला गळ कुणी म्हणत नाही, आणि जे निवतीला म्हणत नाहीत ते तात्याही म्हणत नसत.

साल छपन्न होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं ठरवलं होतं, आणि घेतल्याशिवाय राहायचं नाही असं गिरणगावानं. आज हरताळ, उद्या जमावबंदी, परवा सत्याग्रहाची तुकडी, असं चाललेलं. त्या दिवशीही गिरण्या बंद होत्या, म्हणून बापलेक सकाळीच दोरी, शिसं आणि कोळंबीची पुडी घेऊन वरळीला आले. ओहोटी लागली होती, मासे काही धड लागत नव्हते. मालननं गरीला कोळंबी लावता लावता, भाजीला मीठ कमी पडलंय अशा सुरात सांगितलं, "बाबा, दुपारी लालबागला बायकांची तुकडी बसतेय. मी पण जातेय."

"खंय?"

"सत्याग्रहाला."

"जावचा नाय."

"मी विचारत नाहीये, सांगतेय."

"आणि मी काय विचारतंय? मीव सांगतंय. जावचा नाय म्हणजे नाय. ता काय बाईमाणसाचा काम हा? पोलिसाची काठी बघलंस काय हात थरथरतले तुझे."

तात्यांच्या पोटात होतं ते वेगळंच. मागे आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा शेजारच्या चाळीतला एक तरणा पोरगा नाक्यावर काय चाललंय ते बघायला म्हणून उतरला होता, तो चार माणसांच्या हातांवरूनच परत आला. तात्यांनी त्याला खांदा दिला होता. त्याच्या आईनं फोडलेला हंबरडा अजून त्यांच्या कानातून गेला नव्हता. संयुक्त महाराष्ट्र तात्यांनाही हवा होता. गिरणीच्या दारावरच्या सभांना ते पहिल्या ओळीत असत, घोषणा देऊन देऊन घसा बसवून घेत. पण शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, तशातली गत. मला तुझ्या जिवाची भीती वाटते, हे एक वाक्य बोलायला लागलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण तसं बोलण्यापेक्षा तात्यांनी समुद्रात उडी मारली असती.

"माझे हात थरथरतात?" मालन उठून उभी राहिली. "माझे? हे बघा!"

फेकण्याआधी मागे नजर टाकायची, ही सवय तिला तात्यांनीच लावलेली. त्या दिवशी रागात तेवढंच राहिलं. दोरी डोक्यावरून फिरली, शिसं घोंघावलं, आणि समुद्राकडे निघालेली गरी वाटेत तात्यांच्या डाव्या कानाला भेटली. पाळीत शिरली आणि वाकून आत बसली.

मालननं दोरी टाकली आणि धावत आली. "बाबा! बघू, हलू नका—"

"हात लाव नको!" तात्यांनी तिचा हात झटकला. कमरेचा चाकू काढला, कानाला लोंबणारी दोरी कापली, आणि कोळंबीची पुडी तिथेच खडकावर टाकून घरची वाट धरली. मागून मालन, हातात रिकामी टोपली. वाटभर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

इथे गरीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे तिच्या टोकाशी एक उलटा दात असतो. आत जाताना तो कळतही नाही, पण मागे ओढायला जावं तर मांस धरून बसतो. म्हणून रुतलेली गरी मागे ओढत नाहीत. आहे तशी पुढेच सारायची, टोक पलीकडे बाहेर काढायचं, दात कापून टाकायचा, मग ती निमूट मागे येते. दुसरी गोष्ट निवतीची. गरी ज्याची, काढायचा हात त्याचा. ज्याच्या हातून लागली त्याच्याच हातून ती निघाली पाहिजे. तिसऱ्यानं हात लावला की त्या दोघांत वैर राहतं, आणि ते काही केल्या जात नाही. निवतीला दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नसत. का, तर म्हणे धाकट्याची गरी थोरल्याच्या पोटरीत गेली होती आणि ती काढली वैद्यानं. दोघांत माडाच्या बागेवरून कज्जा चालला होता, हे सांगायला लोक विसरत.

खोलीवर आल्याबरोबर मालन शेजारच्या बुधाजी फिटरकडे पक्कड मागायला निघाली. तात्या भिंतीला टेकून बसले होते. कान लालबुंद झाला होता आणि त्यात ती काळी गरी लोंबत होती.

"थांब," ते म्हणाले. "आधी कबूल कर. दुपारी जावचंय नाय म्हणून. मगे काढ."

मालन उंबऱ्यातच थांबली.

हा तात्यांच्या हातातला हुकमाचा एक्का होता, आणि तो खडकापासून घरापर्यंतच्या वाटेत त्यांनी नीट पारखून घेतला होता. कानात गरी घेऊन बसलेल्या बापाला टाकून कुठली पोर जाईल? काढणार तर तीच, दुसऱ्याचा हात चालणार नाही, आणि तिला काढू द्यायची की नाही हे आपल्या हातात. जितका विचार केला तितके ते स्वतःवर खूष झाले. सगळा हिशेब बरोबर होता. पोर कुणाची आहे एवढं मात्र ते विसरले.

"दुखतंय ना?" मालननं विचारलं.

"दुखता तर दुखांदे."

मालन आत आली, स्टोव्ह पेटवला, भात केला, कालच्या सुक्या बांगड्याची चटणी परतली, ताट वाढलं आणि दुसऱ्या ताटानं झाकलं. धुतलेलं पातळ नेसली. केस घट्ट बांधले. तात्या तिरक्या नजरेनं बघत होते आणि मनात म्हणत होते, आता येईल, आता येईल. मालन दारात गेली आणि चपला घालता घालता म्हणाली, "ताट झाकून ठेवलंय. डाव्या कुशीवर झोपू नका. सुटून आले की काढीन."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

पक्क्या हिशेबाचं असं होतं. सत्याग्रहाला गेलेली माणसं कधी सुटत ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी संध्याकाळी परत येई, कुणाची शिक्षा महिनोन्‌महिने चाले. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले. ताटाला त्यांनी हात लावला नाही.

चाळीत बातमी पसरायला काय वेळ लागतो? पहिल्या आल्या शेजारच्या राधाबाई. त्यांनी वाकून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं कान पाहिला.

"अगंबाई, तात्या, बाळी केलीत होय? आणि एकाच कानाला? दुसऱ्याचं काय पाप?"

"राधाबाय, मस्करी पुरे."

"मस्करी नाही हो. पण शोभते."

मागून बुधाजी आला तो पक्कड घेऊनच. चांगला माणूस, गिरणीत फिटर, लोखंड म्हटलं की हात शिवशिवायचे. "सरका तात्या उजेडाकडं. एका मिनिटाचं काम."

"हात लावशीत तर बघ!"

"अहो, मोठी मोठी मशिनं उघडतो मी. ही तर टाचणी."

"टाचणी असो नायतर खिळो. तुझी हा ती?"

"मग डॉक्टरकडं तरी चला," राधाबाई म्हणाल्या. "नाक्यावर उघडा आहे दवाखाना."

"डॉक्टराची हा ती?" तात्या गरजले. "ज्याची गरी त्याचो हात. तुमका कळाचा नाय."

राधाबाईंना कळत नव्हतं असं नाही. त्या खाली बसल्या, पदर सावरला आणि थट्टा बाजूला ठेवून म्हणाल्या, "तात्या, मालन आत गेली आणि लवकर सुटली नाही, तर तोवर हा कान राहील का जागेवर? आणि वैर राहू नये म्हणून एवढं जपताय, तर ज्या पोरीशी वैर नको, तिला तुम्ही घरातून तोंड फिरवून जाऊ दिलंत. ते कुठल्या रीतीत बसतं?"

बाई बोलली ते खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या बाईवर ओरडताही येत नाही. कान ठणकत होता. मालन आता कुठपर्यंत पोचली असेल? पूल ओलांडला असेल का? लालबागला काठी चालली असेल का? त्या पोराच्या आईचा हंबरडा त्यांना पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी तो स्वतःच्या घरातून आल्यासारखा वाटला. तात्या उठले.

"बुधाजी, पक्कड दे. तू नको, पक्कड दे."

"कुठं निघालात?"

"माझ्या चेडवाक, मालनक आणूक. तिच्याकडसून काढून घेतंय आणि तिका हात धरून घेऊन येतंय."

तात्या रस्त्याला लागले. मान जरा वाकवली की कानात कळ मारायची, म्हणून मान ताठ ठेवणं भाग होतं. त्यामुळे चिंचपोकळीच्या पुलावरून पक्कड हातात घेऊन छाती काढून चाललेला हा माणूस येणाऱ्याजाणाऱ्यांना मोर्चाचा पुढारीच वाटला. दोघांनी वाट करून दिली. एकानं नमस्कार घातला. जवळून जाणाऱ्यांना कान दिसायचा, ते थबकायचे, मग एकमेकांना कोपरानं ढोसायचे. "काका, मासा सुटला वाटतं!" कुणी तरी मागून ओरडलं. एरवी तात्यांनी त्याला पुलाच्या कठड्यावर बसवून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. आज त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

लालबागच्या नाक्यावर दुकानं बंद, खिडक्या माणसांनी भरलेल्या. रस्त्याच्या मधोमध बायका बसल्या होत्या. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, काही गिरणीतल्या, काही गिरगाव-दादरहून आलेल्या शिकल्यासवरल्या. समोर पोलिसांची रांग, तिच्यामागे जाळीच्या गाड्या. फुटपाथवर बघ्यांची ही गर्दी. घोषणा चालू होत्या. एक काळा हवालदार काठी आडवी धरून तात्यांच्या पुढ्यात आला.

"ए काका, मागं व्हा. आणि हातात काय हत्यार?"

"पक्कड."

"पक्कड कशाला?"

तात्यांनी डावा कान पुढे केला. हवालदारानं पाहिलं आणि त्याचं तोंड कसंनुसं झालं. "आई गं. हे कुणी केलं?"

"माझ्या चेडवान. तीच काढतली. बसलीहा ती थंय."

हवालदार रत्नागिरीचा असावा, गरीची रीत त्याला ठाऊक दिसली. त्यानं फौजदारांकडे पाहिलं, फौजदारांनी लांबूनच तात्यांचा कान न्याहाळला आणि हातानं सोडायची खूण केली. काठी बाजूला झाली.

मालन पहिल्याच ओळीत होती. मागे बसली असती तर ती मालन कसली! तिच्या शेजारी तुकडीच्या पुढारी यशोदाबाई बसल्या होत्या. गिरगावच्या वकिलाच्या घरातल्या, केस पिकलेल्या, आवाज खणखणीत. तात्यांना येताना पाहून त्यांनी सुस्कारा टाकला. "मुलीला न्यायला आलात ना? या. रोज एक तरी वडील येतातच."

बाई खोटं बोलत नव्हत्या.

मालन उठली. बापाला इथे, या गर्दीत, तसल्या कानानं उभा पाहून तिचे डोळे भरले, पण हनुवटी वरच राहिली. "बाबा, मी कबूल करणार नाही हं. आधीच सांगते."

"तुका इचारलंय काय मी?" तात्यांनी पक्कड पुढे केली. "आधी ही गरी काढ."

"आणि मग?"

"मगे बघू."

मालननं पक्कड घेतली. ती स्वतःपेक्षा बुटक्या बापाच्या कानाशी वाकणार, तोच तात्यांनी भर रस्त्यात मांडी घातली. जमावबंदी मोडणाऱ्यांत एका पुरुषाची भर पडली, पण तेव्हा ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बायका सरकून बसल्या. घोषणा आपोआप खाली आल्या. कुणी तरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मालननं हात धुतले, पक्कड धुतली, बापाच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत कानाची पाळी धरली.

"हलू नका."

"मी खंय हलतंय?"

"दुखेल."

"तोंड बंद कर आणि हात चालव."

तिनं गरीचा दांडा धरला आणि पुढे सारायला सुरुवात केली. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. गरीची वाट वाकडी असते, त्या वाकाच्या अंगानंच हात फिरवावा लागतो. सरळ रेटलं तर मांस फाटतं. तात्यांनी दात आवळले. डोळ्यांपुढे रस्ता पिवळा झाला. आतून टोक कातडीला येऊन भिडलं, कातडी ताणली गेली, आता फुटणार, आता फुटणार, असं झालं. आणि नेमकं तेव्हाच भायखळ्याच्या बाजूला धाड् करून आवाज झाला.

गोळी की अश्रुधुराचं नळकांडं, कुणाला कळलं नाही. फुटपाथवरची माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. खिडक्या धडाधड बंद झाल्या. पोलिसांची रांग हलली, बूट खडखडले, कुणाची तरी काठी रस्त्यावर पडून घरंगळत गेली. बसलेल्या बायकांनी एकमेकींचे दंड धरले. यशोदाबाई ओरडल्या, "कुणी उठायचं नाही!" आणि लगेच दुसरा आवाज झाला, पहिल्यापेक्षा जवळ.

तात्यांच्या काळजाचं पाणी झालं. स्वतःसाठी नव्हे. पोर पाठीमागे गुडघ्यांवर बसली होती, उघड्यावर, आवाजाच्या बाजूला पाठ करून. उठावं, तिला पोटाशी धरावं आणि पळत सुटावं, असं त्यांना झालं. पण उठता येत नव्हतं. कान तिच्या बोटांत होता, गरी अर्धी आत, अर्धी बाहेर.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

हात थरथरला नव्हता.

हे त्या सगळ्या लालबागात फक्त एका माणसाला कळू शकत होतं. बघणाऱ्यांना मुलगी स्थिर दिसली असेल, पण दिसण्यावर काय जातं? तिची बोटं केसभर जरी हलली असती, तरी गरीचा दात आतल्या आत मांस उकरत गेला असता आणि तात्यांना ब्रह्मांड आठवलं असतं. त्यांच्या कानापाशी खोटं चाललं नसतं. आवाज झाला, दुसरा झाला, बूट धावले, आणि गरी आपल्या वाटेनं, आपल्या वेगानं पुढे सरकत राहिली. कातडी फुटली. टोक बाहेर आलं.

"आलं," मालन त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली. "दात दिसतोय." पक्कड कट् करून वाजली आणि तो इवलासा दात कुठे तरी रस्त्यावर उडाला. गरी मागे आली, गोधडीतून सुई यावी तशी. मालननं पदराचा शेव दुमडून पाळी दाबून धरली. "झालं, बाबा."

पळापळ थांबत आली होती. धूर भायखळ्याच्या बाजूलाच विरत होता. बायकांच्या ओळीतली एकही उठलेली नव्हती. तात्या तसेच बसून राहिले. अभिमान म्हणजे काय हे तोवर आपल्याला कळतं असं ते समजत होते. साच्यावर सगळ्यांत चांगलं कापड काढण्याचा, निवतीचे असण्याचा, कुणापुढे न वाकण्याचा, असले सगळे अभिमान त्यांच्या गाठी होते. आता छातीत जे दाटून आलं, त्याच्यापुढे ते सगळे पोरखेळ वाटले. त्यांनी मागे वळून लेकीचा हात धरला. बोटांना त्यांचंच रक्त लागलं होतं.

"तुझो हात थरथरलो नाय गो," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंय ना?"

"मी हात शिकवलंय. हो धीर मी नाय शिकवलंय. हो तुझो."

फौजदार केव्हा जवळ येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही. मध्यम वयाचे, दमलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी मालनकडे पाहिलं, तात्यांच्या कानाकडे पाहिलं आणि खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "काका, दिवस बरा नाही. पुढे काय होईल ते माझ्याही हातात नाही. मला पण मुली आहेत. अजून नावं घेतलेली नाहीत. तिचा हात धरा आणि त्या गल्लीतून चालते व्हा. मी तिकडे पाठ करतो."

पुलावरून येताना तात्यांनी देवाकडे जे मागितलं होतं, ते असं आयतं ताटात वाढून पुढे आलं होतं. ना भांडण, ना झोंबाझोंबी. नुसतं उठायचं, हात तर धरलेलाच होता. मालनचं जे बोलायचं ते सकाळीच बोलून झालं होतं. तिनं बापाकडे पाहिलं आणि ती वाट बघत राहिली.

तात्यांची भीती गेली नव्हती. ती होती तिथेच होती. त्या पोराची तिरडी त्यांना आताही दिसत होती. त्यांनी पहिल्या ओळीवरून नजर फिरवली. मालनएवढ्याच आणखी कितीतरी पोरी होत्या. त्यांचे बाप कुठे होते कोण जाणे. तात्यांनी मालनचा हात सोडला आणि गुडघ्यावर भार देऊन उठले.

"सायब," ते म्हणाले, आणि कुजबुजायची गरज त्यांना वाटली नाही, "लोकांच्या पोरी हय बसतल्या आणि माझा चेडू तेवढा मागल्या दारान घराक येतला? माझा चेडू काय आंधळा-पांगळा हा? नाव लिवा तिचा."

फौजदारांनी खिशातून पेन्सिल काढली. "नाव काय गं तुझं?"

मालननं तोंड उघडलं, पण तात्यांनी तिला बोलू दिलं नाही. घोषणा देताना लावत तसला आवाज लावून, बंद खिडक्यांआडून बघणाऱ्यांनाही ऐकू जावं असं ते म्हणाले, "मालन धोंडू कुबल. मुक्काम डिलाईल रोड. गाव निवती."

"धोंडू कोण? नवरा?"

"बापूस!" तात्यांनी छातीवर हात मारला. "मी. नीट लिवा, सायब. बापाचा नाव सोडू नकात."

फौजदारांनी लिहिलं. तात्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी त्यांनी कानावर तळहात दाबून धरत पुढे वाकून, लेकीच्या नावाशेजारी आपलं नाव बसलंय ना, ते बघून घेतलं.